आईनं भरलेली ओटी

वडील वारल्यानंतरच्या पहिल्याच नवरात्रात आम्ही कराडहून कुलदेवीच्या डोंगरावर गेलो. पायऱ्या चढून गाभाऱ्याशी पोचलो, तोच आत्यानं आईच्या हातातलं ओटीचं ताट हिसकावलं.

“तू आता सवाशीण न्हाईस. मागं सर,” ती सगळ्यांदेखत म्हणाली.

पुजाऱ्यानं मान फिरवली. 

आईनं ताट परत ओढून घेतलं. “आवं वन्सं, देवी मला वळखती, माझ्या नवऱ्याला न्हाई,” म्हणत तिनं खण-नारळ देवीपुढं ठेवला.

उतरताना आत्यानं माझ्यापुढं पेढा धरला. मी घेतला नाही. तिच्या घराची पायरी मी आजही चढत नाही. आई मात्र दर दिवाळीला तिला फराळ पाठवते, आणि ती तो डबा भरताना दिसली की माझं डोकं फिरतं.