न पाहिलेलं कुंपण

नोकरीतल्या बहुतेक घटना ठाण्याच्या दप्तरात राहिल्या. त्या बंद दगडखाणीची घटना मात्र माझ्याबरोबर घरी आली, आणि निवृत्तीनंतरही गेली नाही.

सिंहस्थ उलटून वर्ष झालं असेल. मी नाशिकजवळच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. एका सकाळी खबर आली की खाणीच्या पाण्यात बाई बुडाली. खडी काढून काढून तिथे खोल डोह झाला होता. खाण बंद झाल्यापासून आसपासच्या मळ्यांतल्या बाया बाजारात न्यायचे मुळे तिथे धुवायच्या. हीसुद्धा त्यासाठीच गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा मुळ्यांची पाटी काठावर तशीच होती. दुपारी पोहणाऱ्यांनी तिला वर काढलं.

अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला. काठाला कुंपण नाही, हेही त्यात लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईचा भाऊ ठाण्यात आला. त्या सकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं, अख्ख्या वस्तीने ऐकलं होतं. नवरा तिच्या मागोमाग खाणीकडे जाताना दोघांनी पाहिला होता. भावाने खुनाची फिर्याद दिली.

त्याच संध्याकाळी खाणमालक स्वतःहून एक कागद घेऊन आला. खाण बंद करताना पर्यावरणाच्या अटी पाळल्या की नाहीत, याची पाच खात्यांनी मिळून पाहणी केली होती. त्या अहवालाची ही सत्यप्रत, म्हणजे टंकून काढलेली नक्कल. सह्यांच्या जागी, सत्यप्रतीत असतं तसं, नुसतं 'सही/-' टंकलेलं होतं, नावं नव्हती.

"चारी बाजूंनी तारेचं कुंपण, साहेब. सरकारी कागद बोलतोय," मालक म्हणाला. "तार त्या नवऱ्यानेच काढून मळ्याला लावली असेल. रोज तिथे जाणारी बाई आपोआप पडेल कशी?"

मला ते पटलं. मी नवऱ्याला अटक केली.

तीन दिवस तो एकच सांगत राहिला. "भांडलो, साहेब. समजूत काढाया मागं गेलो. पोचलो तं नुसती पाटी व्हती." खोटं बोलणारा माणूस रोज तपशील वाढवतो, हे मी अनुभवाने शिकलो होतो. याचा एक शब्द वाढत नव्हता. त्याच्या मळ्यात तारही सापडली नाही. चौथ्या दिवशी मी ठाण्यातल्या एका वयस्कर हवालदारांना घेऊन पुन्हा खाणीवर गेलो.

हवालदार काठाने पूर्ण फेरी मारून आले. सगळा काळा कातळ. "चोर लय सभ्य दिसतो, साहेब," ते म्हणाले.

"का?"

"तार नेली, खांब नेले, आन् जाताना खांबांचे खड्डे पण घेऊन गेला."

कातळात एकही भोक नव्हतं. तिथे कुंपण कधी उभंच राहिलं नव्हतं.

मी तहसील कचेरीतून मूळ अहवाल मागवला. फाइल सांभाळणारा जुना कारकून तो घेऊन ठाण्यात आला. चहा दिला, समोर बसवलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, पाहणीला कोण कोण गेलं होतं?"

तो बशीकडे बघत म्हणाला, "संयुक्त पाहणीला कोणी जातं का साहेब? कागद फिरतो. पहिली सही झाली की बाकीचे तिच्याकडे बघून करतात."

"म्हणजे खाण कोणीच पाहिली नाही?"

"कोणीच नाही."

"आणि हे पाच अधिकारी?"

त्याने फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. "साहेब, पाचवी सही बघा."

ती माझी होती.

सुरुंगाची दारू खाणीवरून हलवली, एवढ्यापुरता पोलिसांचा त्या पाहणीशी संबंध. दारू हलवल्याची पावती ठाण्यात होतीच. पण सही मात्र अख्ख्या अहवालाखाली होती. अक्षर ओळखीचं होतं आणि मला काहीही आठवत नव्हतं.

"मीच आणला होता कागद, नाशकात द्वारका चौकात," कारकून हळू आवाजात म्हणाला. "सिंहस्थ चालू होता, तुम्ही पर्वणीच्या बंदोबस्तात होता. गर्दी फार होती. जीपच्या बॉनेटवर ठेवला, तर तुम्ही विचारलं, कुठे करू?" मग म्हणाला, "तार चोरीला गेली, असंच राहू द्या ना साहेब. सगळ्यांचंच बरं होईल."

शेजारी बसलेले हवालदार उठून बाहेर गेले. कोठडी तिथून दहा पावलांवर होती. ज्या कागदावर विश्वास ठेवून मी एका माणसाला खुनी ठरवलं होतं, तो माझाच कागद होता.

त्याच दुपारी उपअधीक्षकांकडे जाऊन तपास काढून घेण्याची विनंती केली आणि साक्षीदार म्हणून माझा जबाब लिहून दिला. खाण न पाहता सही केली, हे वाक्य लिहायला फार वेळ लागला. पुढे नव्या तपास अधिकाऱ्याचा अहवाल कोर्टात गेला, नवरा सुटला. माझी खात्याकडून चौकशी झाली, शिक्षाही झाली. शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही.

तो सुटला त्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्याच्या मळ्यावर गेलो आणि सगळं सांगितलं. तो बांधावर बसून ऐकत होता.

"साहेब, मला वाटं ती माझ्यामुळं गेली," तो म्हणाला. "तिच्या डोक्यात राग व्हता, पाय पाहून टाकला नसंन. आता तुम्ही म्हंता तुमच्या सहीनं गेली. मी कोन्तं खरं धरू?"

"माझं धरा," मी म्हणालो.

तो उठून वाफ्यातल्या पाण्याचं दार बदलायला गेला.

आम्ही माणसांचे जबाब उलटसुलट तपासतो; कागद शिक्का बघून सोडून देतो. त्यानंतर ज्या जागेवर उभा राहिलो नाही, तिच्याबद्दल मी सही केली नाही. काही साहेब त्यामुळे चिडले.

मागच्या महिन्यात तो गेला. त्याच्या मुलीने निरोप पाठवला होता, म्हणून दहाव्याला गेलो आणि मागे बसलो. अधूनमधून आम्ही भेटायचो, भाजीचं, पावसापाण्याचं बोलायचो. बांधावर बोललेल्या त्या दोन गोष्टींपैकी त्याने कोणती खरी धरली, हे मी त्याला कधीच विचारलं नाही.