आपोआप गेलेला नकार

एका दुपारात तीसेक मुलींना नकार कळवणारं आमचं घर अख्ख्या वऱ्हाडात एकमेव असावं. त्यातल्या बहुतेकींनी आम्हाला आधीच नाकारलेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

नवरदेव म्हणजे माझा धाकटा भाऊ गजानन, ऊर्फ गजू. माझं माहेर अकोटजवळ. गजू तिथं वांगी, मेथी आणि झेंडू पिकवतो. चांगला पिकवतो, पण 'मुलगा शेती करतो' एवढं ऐकलं की मुलीचे वडील एकदम प्रेमळ होतात, चहा पाजतात आणि 'कळवतो' म्हणतात. आमच्याकडे स्थळाला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. 'कळवतो' म्हणायचं आणि जन्मात कळवायचं नाही. समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. (आम्ही इतकं समजून घेतलं, की आईला बीपीची गोळी सुरू झाली.)

मी अमरावतीला एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात बसते. 'कोडिंग न येता ॲप बनवा' असा एक ऑनलाइन क्लास मी तेव्हा नुकताच केला होता. फुकट होता. आणि नवं काही शिकलेल्या माणसाच्या तावडीत सगळ्यात आधी सापडतात ते नातेवाईक! मी स्थळांचं ॲप बनवलं. आईनं गावी बसून फोनवर मुलीचं नाव, गाव, वडलांचा नंबर भरला, की ते सगळं आपोआप माझ्या लॅपटॉपवरच्या शीटमध्ये येई. मी शीटमध्ये काही बदललं, की ते आपोआप आईच्या ॲपमध्ये जाई. आणि शेवटच्या रकान्यात 'होकार' किंवा 'नकार' पडला, की मुलीच्या वडलांना आईच्या नंबरावरून आपोआप मेसेज! नकाराचा मजकूर मी अगदी शुद्ध भाषेत लिहिला होता: "आपल्या सुकन्येचे स्थळ आमच्या पसंतीस उतरले नाही. तिला पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा!" खाली 'काही शंका असल्यास संपर्क' म्हणून माझा नंबर.

"सारंच आपोआप होऊन राह्यलं, तं तू काय करून राह्यली?" आमच्या ह्यांनी विचारलं.

मी दुर्लक्ष केलं. (ह्यांना साधा अलार्म लावता येत नाही.)

आणि गजूचं जमलं! अकोल्याची प्रणाली. वडलांची रोपवाटिका तीच चालवते. आम्ही पाहायला गेलो, तर हा पठ्ठ्या पोह्यांची बशी तशीच ठेवून तिच्या झेंडूच्या रोपांपाशी जाऊन बसला. ती मागोमाग गेली. दोघं मुळकुजीच्या रोगावर इतकं बोलले, इतकं बोलले, की शेवटी तिच्या वडलांनी आवाज दिला, "लग्नाचं बी काही बोलनार का रे बाप्पा?" त्या माणसानं 'कळवतो' म्हटलं नाही. तिथल्या तिथं 'हो' म्हटलं! परत येताना आई एसटीत रडली. गजू खिडकीबाहेर बघून एकटाच हसत होता, आणि त्याला तसं हसताना बघून मलाही भरून आलं. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं.

शनिवारी दुपारी आईचा फोन.

"बाई, आता थ्या बाकीच्या पोरींचं बंद करून टाक वं. जमलं न आपलं."

"टाकते आई. एका मिनिटाचं काम आहे."

खरंच एका मिनिटाचं होतं. पहिल्या मुलीपुढे मी 'नकार' लिहिलं, त्या चौकटीचा कोपरा धरला आणि सर्रकन खाली ओढत नेला. मेसेजची सोय मीच करून ठेवली आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. सगळ्या रकान्यात नकारच नकार! काम आटोपल्याच्या आनंदात मी चहा ठेवला.

चहाला उकळी यायच्या आत पहिला फोन आला.

"परतवाड्याहून बोलून राह्यलो. आमी तुमाले होकार कवा देल्ला होता?"

"नव्हता दिला, काका."

"मंग तुमी नाही कसे म्हनता? नाही तं आमी म्हनलं होतं!"

"तुम्ही 'कळवतो' म्हणाला होता."

"थे नाहीच असते!"

दुसरा अचलपूरचा. "बाई, आमच्या पोरीले दिवाळीत लेकरू झालं. मेसेज जवायानंच वाचला. आता तो मले विचारून राह्यला, हा गजानन कोन म्हून!"

तिसऱ्याचा आवाज तर रडकुंडीला आला होता. "एक डाव सांगतलं, समजलं. आमची पोरगी तुमाले पसंत नाही. दर मिनटाले काहून सांगून राह्यले?"

दर मिनिटाला? मी लॅपटॉपकडे धावले. झालं होतं असं, की शीटमधला नकार ॲपमध्ये गेला. ॲपला वाटलं काहीतरी नवीन आलं, त्यानं तो परत शीटमध्ये लिहिला. शीटला वाटलं काहीतरी नवीन आलं, तिनं तो ॲपला दिला. आणि प्रत्येक फेरीला एक मेसेज! दोघंही इमानदार, दोघंही बिनडोक. त्यांना एकमेकांशी बोलायला शिकवलं होतं मी, गप्प बसायला शिकवायचं राहून गेलं होतं.

तेवढ्यात माझी नजर शेवटच्या ओळीवर गेली. शेवटची ओळ प्रणालीची होती. माझं बोट तिच्यापर्यंत पोचलं होतं!

मी घाईघाईनं तिच्यापुढे 'होकार' लिहिलं. होकाराचा मेसेज गेला. मिनिटभरात ॲपनं जुना नकार आणून ठेवला. नकाराचा मेसेज गेला. मी होकार. ॲप नकार. तिकडे तिच्या वडलांच्या फोनवर आमचं घराणं दर मिनिटाला पसंत-नापसंत, पसंत-नापसंत करत होतं!

"वायफाय बंद कर न!" हे ओरडले.

केलं. काही उपयोग झाला नाही. ते सगळं कुठं तरी दूर, दुसऱ्याच्या मशीनवर चाललं होतं. ह्यांना हे पटेना. त्यांनी जाऊन घराचा मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रिज थांबला, नकार चालूच!

बंद करायचा एकच मार्ग होता, मोबाईलच्या नेटवरून ॲपच्या मुळाशी शिरायचं. त्यासाठी ओटीपी हवा, आणि तो गेला आईच्या फोनवर.

"आई, लवकर ओटीपी सांग!"

"नाही सांगनार."

"काय?"

"बँकेनं सांगतलं, ओटीपी कोनालेच सांगायचा नाही."

"अगं, मी तुझी पोरगी आहे!"

"कशावरून? आजकाल आवाजाची नक्कल करते म्हने लोकं. सांग बरं, तुया मामाच्या म्हशीचं नाव काय होतं?"

"कोणत्या? दोन होत्या!"

"लाता मारे थे."

"चंद्री! आई, चंद्री! आता सांग!"

"हं, तूच होय. पन थांब वं, इतक्यात बंद नको करू. परतवाड्याचे आता मलेच फोन करून विचारून राह्यले, पोराचं जमलं नसन तं पुन्हा पाहू म्हनते. दर्यापूरचे बी वळले! नाही म्हनल्यावर आपला भाव वाढला न!"

"आई, प्रणालीच्या घरीही नकार जातोय!"

मग आईनं तो ओटीपी इतक्या जोरात ओरडून सांगितला, की आता तो गल्लीत सगळ्यांना पाठ असेल.

बंद झालं. पण तोवर जे जायचं ते गेलं होतं, आणि प्रणालीच्या वडलांना फोन लावायची माझी हिंमत होईना. संध्याकाळ झाली तरी मी तशीच अंधारात बसून राहिले. (मेन स्विच पुन्हा चढवायचं कोणाला सुचलंच नव्हतं.) भावाचा संसार मांडायला निघाले होते आणि मांडायच्या आधीच मोडला, या विचारानं मला रडू यायला लागलं.

तिकडे काय झालं, ते मला नंतर प्रणालीनं सांगितलं. गजू त्या वेळी अकोल्यातच होता, साक्षगंधाची खरेदी करत. पहिला नकार येताच प्रणालीनं फोन केला, तसा तो पिशव्या दुकानातच टाकून रोपवाटिकेवर पळाला. तिचे वडील फोन हातात धरून, लालबुंद होऊन उभे. गजूला यंत्राचं काही कळत नाही, समजावून काय सांगणार? तो नुसता त्यांच्या समोर उभा राहिला. फोन वाजला, नकार आला. गजू होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाला, "आमचा होकार हाये, मामाजी." पुन्हा नकार. पुन्हा गजू, "होकार हाये, मामाजी." मधेच माझा होकार आला, तेव्हा म्हणाला, "हा बराबर हाये." मेसेज यायचे थांबले तरी हा आपला म्हणतच होता. शेवटी तिचे वडील खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागले. "बस कर रे बाप्पा! एवढ्या डाव तं कोनी देवाले बी हो म्हनत नाही!"

रविवारी साक्षगंध थाटात झालं. बैठकीत लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा प्रणालीचे वडील म्हणाले, "आमाले मानपान काही नको. एकच अट. लग्न लागेपर्यंत ताईच्या हातात मोबाईल देऊ नोका."

आमच्या घरात चहात साखर किती घालायची यावरही आजवर एकमत झालेलं नाही. ही अट मात्र वाक्य पुरं व्हायच्या आत एकमतानं मंजूर झाली. सगळ्यात आधी हात वर केला तो आमच्या ह्यांनी. दोन्ही!