बसून पाहायचं झाड

गफ्फारचाचा गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. अकोल्याच्या बसस्थानकावर कॉलेजातला एक मित्र भेटला आणि सहज म्हणाला, "तुया घरमालक गेला ना रे, तो फ्रेमवाला." मी गावी, दर्यापूरकडे निघालो होतो. ती बस सोडली आणि अमरावतीच्या गाडीत बसलो... इतक्या वर्षांनी, आणि तेही असं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अमरावतीला चाचांच्या आरसे-फ्रेमच्या दुकानावरची पत्र्याची खोली मी भाड्यानं घेतली होती. उन्हाळ्यात ती तापायची, म्हणून दुपारी चाचा मला खाली दुकानात अभ्यासाला बसवायचे. चाची पुढ्यात ताट ठेवायच्या. फ्रेम करायला आलेल्या प्रत्येकाला चाचा आधी विचारत, "कुठं लावनार? कोन पायनार?" मला वाटायचं, गप्पांची हौस. एकदा त्यांनीच सांगितलं, "बुढी माय खाटेवरून पायनार असन त फ्रेम जराशी पुढं झुकवा लागते बेटा. नाईतं तिले निस्ता काचंचा उजेड दिसते."

ती वर्षं कपाशीची वाईट होती. खेड्यांतून लोक घरच्या गेलेल्या माणसाचा टिकलीएवढा फोटो घेऊन येत, मोठा करून फ्रेम करायला. खुर्ची दिली तरी बसत नसत, पायरीवरच टेकत. चाचाही मग खाली उतरून त्यांच्याशेजारी उकिडवे बसत. "इथून दुनिया अलग दिसते रे," एकदा मला म्हणाले, "आन आपन सारं उभ्यानं बनवतो."

शेवटच्या वर्षी कॉलेजच्या कलाप्रदर्शनाची जबाबदारी माझ्याकडे आली. चाचांकडे आरशांचे उरलेले तुकडे पोत्यानं पडलेले असत. त्यांचं काहीतरी करा, असा हट्ट मी धरला. आठ दिवस खपून त्यांनी एका वर्गखोलीत शेकडो तुकडे दोऱ्यांनी टांगले, एकेकाचा कोन पुन्हा पुन्हा बदलत. अशा कामाला मांडणशिल्प म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. समोरच्या जमिनीवर त्यांनी खडूनं एक वर्तुळ काढलं. "इथं बसाचं. उभ्यानं काईच दिसनार नाई."

उद्घाटनाच्या सकाळी ते चहाला गेले असताना मी त्या वर्तुळात बसलो. आधी नुसत्या काचा दिसल्या. मग त्या जुळल्या. पाठीमागच्या खिडकीबाहेरचा कडुलिंब समोर अख्खा उभा राहिला, पानांसकट हलणारा, आणि त्याच्या बुंध्याशी बसलेलो मी. मी चक्क मान वर करून फांद्या शोधल्या. वर पंखा होता.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. चाचांना तर नाहीच. आनंदात सोफा आणायला पळालो. पाहुणे मोठ्या शहरातले नावाजलेले चित्रकार. त्यांना बसायला काहीतरी हवं, म्हणून सोफा नेमका त्या वर्तुळावर ठेवला. पाहुणे सोफ्यावरही बसले नाहीत. हात मागे बांधून उभ्यानंच म्हणाले, "कल्पना बरी आहे, पण तुकडे जुळत नाहीत." आणि माझ्याकडे पाहिलं.

'सर, खाली बसा.' एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांची पांढरीशुभ्र पँट, शेजारी प्राचार्य, आणि मी खेड्यातून आलेला... मी म्हणालो, "हो सर. ते शिकलेले नाहीत. आरशाचं दुकान आहे त्यांचं." चाचा दारातच उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून.

संध्याकाळी दोरे सोडताना ते एवढंच म्हणाले, "सायबाचे गुडघे दुखत असतीन. तुये त मजबूत हायेत ना? तू तरी बसून पाह्याचं होतं."

पाहिलं होतं, असं म्हणालो असतो तर मग बोलला का नाहीस, हा प्रश्न आला असता. म्हणून मी सोफा उचलायला गेलो. परीक्षा झाल्यावर खोली सोडली, नोकरीला अकोल्याला गेलो. चाचांनी इतक्यांदा विचारूनही पदवीचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे नेलं नाही. अकोल्यातच फ्रेम करून घेतलं.

परवा त्या गाडीनं अमरावतीला पोचलो, तेव्हा चाचींनी मला दुकानामागच्या खोलीत नेलं. तिथं छताला तेच तुकडे टांगलेले होते. "वर्सानुवर्स हेच करत बसे," त्या म्हणाल्या. "मी भाजी निवडाले बसली का इचारे, दिसते का? मी म्हनो, हो जी, दिसते. कायचं दिसते बाबा! पन मानूस खुश होये थोडा." ओढणी तोंडाशी धरून त्या हसल्या. मग हसू विरलं. "त्याइले वाटे, त्या दिवशी जमलंच नाई."

"जमलं होतं चाची. मी पाहिलं होतं."

चाचींच्या हातातली ओढणी खाली आली. "मंग सांगतलं काहून नाई?"

मी तुकड्यांसमोर जमिनीवर बसलो. चाचीही खाली टेकल्या.

बाहेर दुकानात त्यांचा मुलगा काच कापत होता. चाचींनी हाक मारली, "सलीम, बंद कर ते. इकडं ये." काचेचा करकर आवाज थांबला. सलीम हात पुसत आला आणि आईशेजारी जमिनीवर बसला.

"आता सांग," चाची म्हणाल्या. "काय दिसलं होतं?"