पिशाचाची आई

मोबाईलवर ऐकायच्या गोष्टींच्या एका अॅपसाठी मी एका रक्तपिशाचाची मालिका लिहीत होते. ती बरी चालली, तशी संपादकबाईंनी फोन केला. "तो जन्मापासून काही पिशाच नसेल ना? लहानपणी त्याच्यावर काय बेतलं, ते लिहा. लोक विचारतायत."

मला फार शोधावं लागलं नाही. माझ्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया आहे. अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून तान्हा होता तेव्हापासून त्याला दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. आमचं गाव सुलतानपूरजवळ. तिथून आई त्याला एसटीनं बुलडाण्याच्या दवाखान्यात न्यायची. जाताना तो पांढराफटक, आईच्या खांद्यावर मान टाकलेला. येताना मात्र खिडकीतून दिसेल त्या गोष्टीबद्दल विचारून तिला भंडावून सोडणारा.

ते सगळं मी पिशाचाला देऊन टाकलं. खाटेशेजारची ती लाल पिशवीही, आणि शाळेतली पोरं त्याला 'रक्तपित्या' म्हणून चिडवायची तेही. भावाला आधी विचारलं होतं. तो आता मेहकरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो.

"लिही ना, ताई," तो म्हणाला. "मले तसंही वाटतेच, की लोकाइच्या जिवावर जगून राह्यलो म्हणून. कोणाचं रक्त हाय, मालूमच नसते. आभार तरी कोणाचे मानू? फक्त शेवटी मले मारू नको."

आईला मी विचारलं नाही.

गोष्टीत दोष कोणाचा तरी असावा लागतो. तो मी पिशाचाच्या आईवर टाकला. शाप तिच्या रक्तात होता, तिला तो ठाऊक होता, आणि तरी लपवून तिनं मूल होऊ दिलं. शेवटी मुलगा तिच्यासमोर उभा राहून म्हणतो, "तूच मला असं केलंस." ते लिहिताना हाताला वेग आला होता. चांगलं जमतंय हे कळत होतं.

आणि खरं काय, तेही कळत होतं. कॉलेजात असताना मी स्वतः डॉक्टरांना विचारलं होतं. हा आजार एकट्या आईकडून येत नाही, आई आणि बाप दोघांच्या रक्तात दोष असला तरच मुलाला होतो. पण आमच्याकडे 'हिच्या माहेरचंच रक्त नासकं' असं आजी म्हणायची, भावकी म्हणायची. बाबांच्याही तपासणीत तो दोष निघाला होता, हे घराबाहेर कधी गेलंच नाही. आई ऐकून घ्यायची.

तो भाग आला त्या आठवड्यात भावाला रक्त चढत होतं. आई शेजारी स्टुलावर बसली होती. त्यानं कौतुकानं एक इयरफोन तिच्या कानात घातला. नंतर त्याचा फोन आला.

"ताई, आईनं आखरीपर्यंत ऐकलं. मंग पाणी प्यायले म्हणून गेली, ते लवकर वापस आलीच नाही."

मी मिळेल त्या गाडीनं गावी गेले. अंगणात आई-बाबा दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मी आईजवळ बसले.

"आई, माझं चुकलं."

तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली. "त्या बाईले आधीपासून मालूम होतं काय?"

"गोष्टीत होतं."

"मले नव्हतं." तिनं दुसरी जुडी घेतली. "अन् त्या पोराचा बाप कुठं होता?"

"त्याला मी गोष्टीत घेतलाच नाही."

बाबांचे हात थांबले. "मीच कुठं सांगतलं कोणाले," ते म्हणाले. "माह्या देखत हिले बोलत होते, मी गप बसलो. पोरीनं जे ऐकलं ते लिहिलं."

"तिनं नुसतं ऐकलं नव्हतं," आई म्हणाली. "तिले मालूम होतं."

मीही एक जुडी बांधायला घेतली. आईनं माझ्या हातून ती काढून घेतली नाही, एवढंच.

संपादकबाईंना भाग काढून टाका म्हटलं, तर त्या म्हणाल्या, सगळ्यात जास्त तोच ऐकला जातोय. मी आणखी एक भाग लिहिला. त्यात पिशाचाचा बाप आणला, त्याच्या तोंडून खरं काय ते सांगितलं. तो फारसा कोणी ऐकला नाही. 'बापाचं पात्र कंटाळवाणं आहे,' असं एकानं खाली लिहिलं होतं.

त्या उन्हाळ्यात भावकीतल्या एका लग्नात बाबांनी पंगतीत बसल्या बसल्या काकांना सांगितलं, "पोराच्या आजारात माहंही रक्त हाय. हिचं एकटीचं नाही."

"आता काऊन काढतं बे ते?" काका म्हणाले.

आई समोरच वरण वाढत होती. ती थांबली नाही. काकांना वाढलं, बाबांना वाढलं आणि पुढच्या पानाकडे वळली.

मी गावी गेले की ती अजूनही परतताना कुरडया बांधून देते. तब्येतीचं विचारते, खोलीचं भाडं वाढलं का विचारते. सध्या काय लिहितेस, हे विचारत नाही. आणि मीही आपण होऊन सांगत नाही.