तांबोळी सर आणि माझी अडतीस मुलं

तांबोळी सरांसमोर कुठलंही विधान करायची सोय नव्हती. "आज उकाडा फार आहे," म्हटलं तरी चष्म्यावरून बघत विचारायचे, "किती जणांना विचारलंत?" एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, हल्लीची मुलं वाचतच नाहीत. सर म्हणाले, "हल्लीची म्हणजे तुमची दोन. त्यांचं मला वाईट वाटतं, पण बाकीच्यांना कशाला गोवता?" ते गृहस्थ त्या दिवशी डबा अर्धवट ठेवून उठले.

आमच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयात सर संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र शिकवायचे. राहायला शनिवार पेठेत, तेही आजोबांपासून, त्यामुळे जिभेला धार घरचीच. मंडईत आंबे घेताना वरच्या आंब्याला हात लावायचे नाहीत. पेटीच्या तळातून एक, कोपऱ्यातून एक, मधून एक असे काढायचे. विक्रेता ओरडायचा, "अहो सर, वरचे बघा की, एक नंबर आहेत!" सर शांतपणे म्हणायचे, "वरचे तुम्ही निवडलेत. मला न निवडलेले दाखवा." नमुना कसा घ्यावा हा धडा ते या आंब्यांपासूनच सुरू करायचे.

मी तेव्हा पस्तिशीची. दिवसभर शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात एम.एड. करायचं. प्रबंधाला मार्गदर्शक म्हणून नेमके तांबोळी सर वाट्याला आले. माझं म्हणणं साधं होतं: ज्या मुलांना घरी अभ्यासात मदत मिळते, ती गणिताला कमी घाबरतात. लोणी काळभोरच्या एका शाळेतल्या आठवीच्या एकशेवीस मुलांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. मी गेले त्या दिवशी एक अख्खी तुकडी स्नेहसंमेलनाच्या तालमीला गेलेली. ब्याऐंशी प्रश्नावल्या भरून मिळाल्या, अडतीस कोऱ्या परत आल्या. प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते, आणि तारीख हुकली की वर्ष गेलं.

मग एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी त्या अडतीस प्रश्नावल्या स्वतःच भरल्या. अहो, काय मेहनत घेतली! चार रंगांची पेनं वापरली. दहा डाव्या हाताने भरल्या. पाच नवऱ्याला दिल्या, तो बिचारा "मी गणिताला घाबरतो का गं?" असं विचारत भरत होता. खरं वाटावं म्हणून दोन कागदांवर चहासुद्धा सांडला. सोमवारी सगळा गठ्ठा सरांपुढे ठेवून मी ऐटीत म्हणाले, "सर, डेटा एकदम क्लीन आहे."

सरांनी गठ्ठा चाळला, एक कागद उचलला आणि चक्क त्याचा वास घेतला.

"सोनवणेबाई, तुम्ही चहात वेलची घालता?"

"हो सर. का?"

"काही नाही. लोणीच्या शाळेत आठवीच्या पोरांना वेलचीचा चहा मिळतो, हे माहीत नव्हतं. बदली मागतो मी तिथे."

माझे कान गरम झाले. सरांनी मग दोन ढीग केले. एक खऱ्यांचा, एक माझा. एकही कागद चुकला नाही. "हे बघा. सातवा प्रश्न, मला गणित आवडतं. एकोणिसावा, गणिताचा तास नसता तर बरं झालं असतं. खरी पोरं दोन्हीकडे हो म्हणतात. एकाने उत्तराच्या जागी बैल काढलाय. एकीने लिहिलंय, बाई तुमची साडी छान आहे. आणि ही तुमची अडतीस! कुणी प्रश्न सोडत नाही, कुणी शब्द फिरवत नाही. इतकी सज्जन पोरं मी जन्मात पाहिली नाहीत. यांना दत्तक घ्या."

मी रडायलाच लागले. वर्ष गेलं, नाव गेलं, सगळं गेलं असं वाटलं. सरांनी माझा ढीग उभा-आडवा फाडला, टोपलीत टाकला आणि म्हणाले, "उद्या सकाळी साडेसातची बस. कोऱ्या प्रश्नावल्या आणा. चहा आणू नका."

दुसऱ्या दिवशी सरही बरोबर आले. शाळेच्या फाटकावर शिपाईमामांनी अडवलं. "बाई, परत आलाय व्हय? तुमचं तर झालं हाय की!" मुख्याध्यापक तर ऐकेचनात, परीक्षा तोंडावर आहे म्हणाले. सर म्हणाले, "साहेब, अर्धा तासच हवाय, आणि तोही गणिताचाच द्या. पोरं दुवा देतील." मुख्याध्यापकांना हसू आलं आणि आमचं काम झालं. त्या तुकडीने जे काही भरलं, ते बघून मला घेरी यायची बाकी होती. अर्धे प्रश्न रिकामे, खुणा चौकटीबाहेर, आणि एका पठ्ठ्याने सगळीकडे "माहीत नाही" लिहून खाली झोकात सही केलेली.

आकडेमोड केली आणि माझं गृहीतक साफ आडवं झालं. घरच्या मदतीचा आणि गणिताच्या भीतीचा काही संबंधच दिसेना. माझी गुणी अडतीस असती तर कसा सुरेख निष्कर्ष आला असता! सर मात्र बेहद्द खूश. "अभिनंदन. आत्ता कुठे तुम्हाला काहीतरी कळलं, जे तुम्हाला आधीच ठाऊक नव्हतं."

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "म्हणजे एवढं करून काही सापडलं नाही?" मी म्हणाले, "नाही सर. नीट शोधलं, आणि नाही सापडलं." त्यांनी सही केली. पास झाले, जेमतेम झाले, पण स्वतःच्या कागदांवर झाले.

नंतर कॅंटीनमध्ये मी सरांना पेढा दिला आणि विचारलं, "सर, तुम्ही एका नजरेत ओळखलंत कसं?"

सरांनी पेढा हातातच धरला. "माझ्या पीएच.डी.त साठ आहेत."

"साठ काय?"

"पोरं. मीच जन्माला घातलेली. एसटीचा संप होता, शाळा लांब होती, आणि मला घाई होती. मार्गदर्शकांनी पानं उलटली नाहीत, परीक्षकांनी पाठ थोपटली. लोक डॉक्टर म्हणतात तेव्हा अजून दचकतो मी." मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. सर म्हणाले, "अहो, डोळे काय विस्फारता? तुम्हाला पकडणारा भेटला, मला नाही भेटला, एवढंच."

मग हळूच पुढे वाकून म्हणाले, "मी आहे तोवर गप्प राहा. गेल्यावर मात्र लिहा. नाहीतर लोक मला संत करून टाकतील, आणि तो निष्कर्ष साफ चुकीचा असेल." मी हो म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. शोकसभेत सात जण बोलले, आणि सातही जण म्हणाले की सरांनी आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही. मी रुमाल तोंडाला लावून रडत होते, आणि मधेच हसूही येत होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा उठायची हिंमत झाली नाही. ज्यांनी मला खोटं लिहू दिलं नाही, त्यांच्याबद्दल खरं बोलायला माझी जीभ रेटेना.

साठ होती, सर. आज लिहिलं.