साडूंचा तपास चालू आहे

सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या फौजदारानंही केल्या नसतील इतक्या चौकशा माझ्या साडूंनी केल्या आहेत, आणि त्यांतली एकही शेवटाला नेलेली नाही. शेजारणीची कोंबडी जावो, देवळातली चप्पल जावो, गल्लीतल्या दिव्याचा बल्ब जावो, साडू वही घेऊन हजर. कोंबडी शेवटची जिथं दिसली तिथं त्यांनी खडूनं जमिनीवर कोंबडी काढली होती. शेजारीण म्हणाली, "आवं भावजी, चित्र कशाला काढताय, कोंबडी हुडका की!" साडूंनी वहीत लिहिलं, 'फिर्यादी उतावीळ.' ते प्रकरण अजून उघडं आहे. त्यांच्या सगळ्याच प्रकरणांखाली एकच शेरा असायचा : तपास चालू आहे. अशाच एका प्रकरणात अकरा वर्षं मी संशयित होतो. तेव्हा हे सगळं प्रेमानं लिहितो आहे असं कुणी समजू नये. निदान सुरुवातीला तरी नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी कोयनानगरला, धरणाच्या कॉलनीत झाली. तिथल्या क्लबात व्हिडिओचं मशीन होतं, आणि विलायतेला ट्रेनिंग घेऊन आलेल्या एका इंजिनिअरनं क्लबाला सहा कॅसेटी दिल्या होत्या. सहाही कॅसेटींत विलायती पोलिसांची एकच मालिका. सतत पाऊस, रेनकोट घातलेला एक पोक्त साहेब, त्याची सुरू न होणारी गाडी, आणि चहा. कॉलनीतल्या लोकांनी एकेकदा पाहून तोंड वाकडं केलं, कारण त्यात मारामारी नव्हती. साडूंनी मात्र त्या कॅसेटी इतक्यांदा पाहिल्या की इंग्रजी न येता त्यांना सगळं समजू लागलं. क्लब बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या नेल्या, साडूंनी मशीन आणि कॅसेटी नेल्या. आता निवृत्त होऊन साताऱ्यात एकटे राहतात, आणि त्यांच्यापुरतं तिथं बारा महिने विलायतेतलं धुकं पडलेलं असतं.

एप्रिलच्या उन्हात रेनकोट घालून हिंडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. स्कूटर चांगली आहे, पण पहिल्या चार लाथांत सुरू झाली की त्यांना करमत नाही. चहाला दूध वेगळ्या भांड्यात लागतं. अलीकडच्या पोलिसी मालिका लागल्या की त्यांचा जीव वैतागतो. "ह्यो बघा, आला की आधी थोबाडीत हानला," ते म्हणतात. "आमचा सायब खुन्याच्या घरात शिरताना आधी पाय पुसायचा, पाव्हणं. पाय पुसून मग इचारायचा. आता पायपुसणं कुठं दिसतंय का तुमाला कुठल्या शिरेलीत?" हे मात्र मला पटतं. मी स्वतः तापट माणूस आहे, धंद्यात आवाज चढवल्याशिवाय माझं पान हलत नाही. पण पाय पुसून प्रश्न विचारणाऱ्या माणसापुढं चढलेला आवाज टिकत नाही, हा अनुभव मी घेतलेला आहे.

तो असा. औंधला माझी सासुरवाडी. पौषात यमाईच्या जत्रेला सगळे जावई जमतात. अकरा वर्षांपूर्वी जत्रेच्या दिवशी जेवणं झाल्यावर सासऱ्यांचा पितळी अडकित्ता सापडेना. सासरे पलटणीतून रिटायर झालेले, अंगात कायम जाडजूड, मणभर वजनाचा लष्करी कोट, आणि तो घोड्याच्या तोंडाचा अडकित्ता म्हणजे त्यांचा जीव. घर धुंडाळलं, पिशव्या पाहिल्या, पोरांचे खिसे पाहिले. मग साडू बाहेर गेले, पायपुसण्यावर पाय पुसून पुन्हा आत आले, वही काढली आणि तीस माणसांसमोर मला म्हणाले, "राइट देन, पाव्हणं. साडेतीन ते साडेचार तुमी कुठं होता?"

लोक हसले. मीही हसलो असतो. पण माझा धंदा पितळेचा. लोणंदला गोदाम आहे आज, पण सुरुवात सायकलवर गोणपाट टाकून दारोदार जुन्या भांड्यांची मोड गोळा करण्यापासून केली. त्या घरात जावई म्हणून शिरायला मला सहा वर्षं लागली, आणि भंगारवाला म्हणून बाहेर पडायला एक प्रश्न पुरला. मी म्हणालो, "चुलीपाशी होतो, हात शेकत." त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, "गाव सोडून जाऊ नका." त्यानंतर मी गेलो की सासूबाई पाण्याचा पितळी तांब्या उचलून आत ठेवतात, स्टीलचा बाहेर आणतात, असं मला वाटायचं. बायको म्हणायची, पितळ घासायला जड जातं आता तिला. असेल. पण तांब्या आत जायचा, आणि मी तो जाताना बघायचो.

पुढच्या वर्षी सासरे गेले. प्रकरण बंद होईल वाटलं, पण साडू दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पॅसेंजरनं लोणंदला येऊ लागले. गोदामाच्या दारात गोणपाटावर पाय पुसायचे, तराजूशेजारी बसायचे, चहा घ्यायचे आणि तेच विचारायचे. मी शिव्या घातल्या, हाकलून पाहिलं. "आवं, चिडू नका. चिडलं की लिवावं लागतंय," असं म्हणून ते लिहायचे. जाताना ठरलेलं वाक्य : "गाव सोडून जाऊ नका." पाच वर्षांपूर्वी मेहुणी, साडूंची बायको, वारली, त्या महिन्यातही सोमवार चुकला नाही. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. नुसता चहा घेतला आणि वही उघडून परत मिटली.

एकदा मीच कंटाळून विचारलं, "तुमचा तो साहेब तरी कधी चोर पकडतो का हो?"

"म्हाईत न्हाई," साडू म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतात. पण खरंच माहीत नव्हतं. क्लबाच्या व्यवस्थापकानं एका वर्षी कॉलनीतल्या गणपतीचे कार्यक्रम त्याच कॅसेटींच्या शेवटी भरून घेतले होते. साहेब दिवाणखान्यात सगळ्यांना जमवतो, घसा साफ करतो, आणि लगेच निळ्या फ्रॉकातल्या मुली लेझीम खेळू लागतात. सहाही कॅसेटींना तसंच. चाळीस वर्षं या माणसानं फक्त संशय घेताना पाहिलं होतं, उलगडा होताना कधीच नाही. मी कपाळाला हात लावला. "मग शेवट बघावा असं कधी वाटलं नाही?"

"तिसरीच्या शेवटाला फुगडी हाय," ते म्हणाले. "त्यात ही हाय. अर्धा मिनिट."

मी विषय तिथंच सोडायला हवा होता. पण मला माझं नाव सोडवायचं होतं. सांगलीला दिलेली माझी लेक असल्या गोष्टींत हुशार आहे. तिनं मोबाइलवर ती मालिका शोधून काढली, शेवटासकट. पुढच्या महिन्यातल्या सोमवारी मी साडूंसमोर मोबाइल धरला. मी लावलेल्या भागात मेलेल्या म्हाताऱ्याचं घड्याळ हरवलेलं असतं. सगळ्यांच्या झडत्या होतात, आणि शेवटी ते त्याच्याच कोटाच्या अस्तरात सापडतं. साहेब मग पावसात चालत, ज्याच्यावर उगाच संशय घेतला त्याच्या दारी जातो आणि हॅट काढतो. साडूंनी ते दोनदा पाहिलं. चहा निवला. गाव सोडून जाऊ नका, हे न म्हणताच ते गेले.

स्टेशनवरून ते थेट औंधला गेले. सासऱ्यांचा कोट सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवला होता. जत्रेच्या दिवशी आम्ही सगळ्यांना तपासलं होतं, पण सासऱ्यांच्या खिशात हात कोण घालणार? ते गेल्यावर तर त्या कोटाला कुणी बोटही लावलं नव्हतं. खिशाची शिवण उसवलेली होती, आणि खाली, अस्तरात, घोड्याचं तोंड.

दोन दिवसांनी साडू गोदामात आले. पाय पुसले, टोपी काढली. "पाव्हणं, तुमचं नाव वगळलंय," म्हणाले. "सासूबाईंनी तुमाला बोलवलंय." मी गेलो. पाणी पितळी तांब्यातून आलं. अकरा वर्षं ज्यासाठी जळत होतो ते मिळालं. पाणी पाण्यासारखंच लागलं.

पुढच्या महिन्याच्या सोमवारी साडू आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. पॅसेंजरची शिट्टी झाली की माझी मान उगाच दाराकडं वळायची, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता भाव चुकायचा. शेवटी फोन केला. "आता काय काम?" ते म्हणाले. "तपास संपला की सायब घरी जातो." आवाज अगदी दमलेला होता. मागं टीव्हीही चालू नव्हता. मशीन बिघडलंय, म्हणाले, कॅसेटी आता लागत नाहीत.

 मी म्हणालो, "साडूभाऊ, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी चुलीपाशी नव्हतो."

 पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मग कुठं होता?"

"फोनवर सांगण्यासारखं नाही."

"सोमवारी येतो," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "गाव सोडून जाऊ नका."

दारातलं गोणपाट झटकून ठेवलं आहे. दूध वेगळ्या भांड्यात द्यायला सांगितलं आहे. आता सोमवारच्या आत त्या दिवशी मी कुठं होतो, ते तेवढं ठरवायला हवं.