आधीच मानलेले उपकार

उपकारस्तुतीची सभा कधी ठेवायची हे आमच्या चर्चमध्ये कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. पोराला नोकरी लागली, सून सुखरूप बाळंत झाली, ऑपरेशन होऊन माणूस आपल्या पायानं घरी आला, की मग ठेवायची. अंगणात मंडप घालायचा, गाणी म्हणायची, पाळकांचा संदेश ऐकायचा, घरच्या माणसानं उभं राहून देवाचे उपकार मानायचे आणि सगळ्यांनी बगारा भात नि दालचा खाऊन घरी जायचं. आधी देवाचं काम, मग आपले उपकार. माझ्या आईनं हा क्रम मोडला.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. हुमनाबादला हायवेच्या कडेला लॉऱ्यांचे टायर दुरुस्त करायचा. देवमाणूस वगैरे काही नव्हता. चिडका होता, हाताचा सढळ होता, आणि संदेश लांबला की चर्चच्या बाहेर जाऊन उभा राहायचा. आईचा मात्र त्याच्यात जीव. त्याचं लिव्हर गेलं, पोटात पाणी भरायला लागलं, तेव्हा त्याला गुलबर्ग्याला नेलं. काही दिवसांनी डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, घरी घेऊन जा, त्याला आवडेल ते खाऊ घाला. आम्ही दोघींनी आईला एवढंच सांगितलं, की सुट्टी दिलीय, आता औषधं घरीच घ्यायची. ती "बरं" म्हणाली आणि पिशव्या भरायला लागली.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी तिनं जाहीर केलं, की येत्या रविवारी उपकारस्तुती.

"कशाची?" मी विचारलं.

"अण्णाची. दुसऱ्या कुणाची?"

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी म्हणाले, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं करायलीस तू. आधी त्याला उठून चार पावलं चालू तर दे." ती शेजारणीकडं मोठी पातेली मागायला गेली. पाळक बिचारे आडून आडून म्हणाले, "अक्का, थोडं थांबू. त्याला पूर्ण बरं वाटू द्या." आई म्हणाली, "कामून थांबायचं?" देवावर एवढा विश्वास टाकू नका, असं तर पाळकांना म्हणता येत नव्हतं. वस्तीत बोलबाला झाला, की काय विश्वास हाय बाईचा, व्हायच्या आधीच उपकार मानायलीय. मला तर चीडच आली होती. खरं काय ते मला माहीत होतं आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

रविवारी अंगण भरलं. चर्चची माणसं आली, वस्तीतली बौद्ध घरंही आली. निम्मी आमच्या नात्यातलीच. अण्णाला खुर्चीत उशा लावून बसवलं. चेहरा पिवळा, पोट टम्म, आणि तरी येणाऱ्या प्रत्येकाची थट्टा चाललेली. "जेवा पोटभर," तो म्हणायचा, "माझ्या वाटणीचंबी जेवा, मला डॉक्टरनं मीठ बंद केलंय." माणसं हसायची आणि मी आत जाऊन डोळे पुसायचे.

मग आई उठली. चर्चमध्ये ती कन्नडमधून प्रार्थना करते, पण त्या दिवशी मराठीतच बोलली. तो पोटात होता तेव्हापासून सुरू झाली. तो उशिरा बोलायला लागला, त्याबद्दल उपकार. आमचे वडील, अप्पा, गेल्यावर दप्तर टाकून गॅरेजला गेला, त्याबद्दल. पहिल्या पगारात तिला चप्पल आणली ती एका पायाला घट्ट व्हायची, त्याबद्दलसुद्धा. अण्णा ऐकत होता. एकदा मध्येच म्हणाला, "आई, भात गार होयलाय." ती थांबली नाही. त्याला बरं केल्याबद्दल मात्र तिनं एक शब्द काढला नाही. मला वाटलं, बोलण्याच्या भरात मुद्द्याचंच विसरली.

पुढच्या रविवारच्या आत अण्णा गेला. मंडपवाल्यानं बांबूसुद्धा नेले नव्हते, त्याच मंडपात त्याला ठेवलं.

मग लोकांची तोंडं सुटली. कुणी म्हणालं घाई केली, देवाची परीक्षा बघायची नसते. कुणी म्हणालं घरातल्याच कुणाचा तरी विश्वास कमी पडला असंल, आणि माझ्याकडं बघितलं. आई चर्चला जायची, पण उपकार मानायची वेळ आली की पदर ओढून खाली बघत बसायची. घरातही तेच. आमच्यात तिनं प्रार्थना केल्याशिवाय घास मोडायचा नाही, आणि आता ती ताटापुढं गप्प. वहिनी नि मी वाट बघायचो, मग मुकाट जेवायचो. देवाशी माझं तसं फारसं कधी जमलं नाही, पण तिचं तुटलं तर या बाईपाशी राहणार काय, या विचारानं माझा जीव कासावीस व्हायचा.

सुगीच्या दिवसांत पाळक येऊन बसले. म्हणाले, "अक्का, तुमचा विश्वास मोठा होता. देवानं वेगळं ठरवलं. मन घट्ट करा, पुन्हा उपकार मानायला लागा." आईनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर ती ताटात डाळ घेऊन निवडत बसली. माझ्यानं राहवेना.

"देवावर रुसलीयस का?" मी म्हणाले. "रुस, पण बोल तरी. तो बरा होईल म्हणून सगळ्या वस्तीला जेवू घातलंस, अन् देवानं तुला तोंडघशी पाडलं."

"बरा होईल असं मी कवा म्हणाले?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"तुम्ही दोघी दवाखान्यात डॉक्टरकडून रडून, तोंड धुऊन आलाव. मला कळत न्हाई व्हय?" ती डाळीतच बघत होती. "तो समोर बसलाय तवर मानून घ्यावं म्हणलं. तो गेल्यावर माझ्या तोंडून उपकार निघायचे न्हाईत, हे मला ठाऊक होतं."

तिनं खडा वेचून बाजूला टाकला.

"बघ की, निघायलेत का?"